मोआबच्या वाटा कोणी कापल्या?

अमेरिकेच्या युटा राज्यात, कोलोरॅडो नदीच्या काठी वसलेले मोआब हे छोटे गाव आज माउंटन बाइक, जीपची भटकंती, राफ्टिंग आणि प्रस्तरारोहण यांसाठी जगभर ओळखले जाते. लाल वालुकाश्माच्या कड्यांमधून वळणे घेत खोल दरीत उतरणारे तिथले कच्चे रस्ते पाहिले की ते हौशी प्रवाशांसाठीच काढले असावेत असे वाटते. प्रत्यक्षात त्यांतले कितीतरी रस्ते अणुबॉम्बसाठी लागणाऱ्या युरेनियमच्या शोधात कापले गेले. हे वगळून मोआबच्या पर्यटनाचा इतिहास सांगणे म्हणजे निम्मी हकिकत गाळण्यासारखे आहे.

माणसाची ये-जा अर्थात त्याहून फार जुनी आहे. प्राचीन प्युएब्लो लोकांची धान्याची कोठारे आणि कातळचित्रे या घळींमध्ये आजही दिसतात, आणि त्यांच्यानंतर यूट व नावाहो या आदिवासी जमाती इथे वावरल्या. पुढे गोऱ्या पशुपालकांनी जुन्याच पायवाटा गुरांसाठी रुंद केल्या. शेफर घाट हे त्याचे ठळक उदाहरण. मुळात आदिवासींची असलेली ही वाट शेफर कुटुंबाने विसाव्या शतकाच्या आरंभी गुरे उतरवण्याजोगी केली आणि १९५०च्या दशकात ती युरेनियमच्या ट्रकांसाठी आणखी रुंद झाली. एकाच कड्यावर तीन काळ असे एकावर एक चढलेले आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने देशातच युरेनियम मिळावे म्हणून खरेदीची हमी आणि रोख बक्षिसे जाहीर केली. त्या आशेने आलेल्यांपैकी एक होता चार्ल्स स्टीन हा टेक्ससचा भूशास्त्रज्ञ. बायकामुलांसह तो अत्यंत ओढगस्तीत दिवस काढत होता. जुलै १९५२मध्ये, मोआबच्या आग्नेयेला त्याने घेतलेल्या छिद्रात सुमारे १९७ फुटांवर ड्रिल तुटले. वर आलेल्या नमुन्यांत काळा खडक होता. पण या भागात सगळे जण युरेनियमचे पिवळे खनिज शोधत असल्यामुळे त्याचे मोल त्याला तिथे उमगले नाही. परतताना सिस्को गावच्या पेट्रोल पंपावर त्याने तो तुकडा एका ओळखीच्या माणसाच्या गायगर काउंटरपाशी (किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्रापाशी) धरला, आणि काटा पार टोकाला गेला. त्या खाणीचे नाव त्याने ‘मी व्हिदा’, म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘माझे आयुष्य’, असे ठेवले. १९५०मध्ये जेमतेम १,३०० वस्तीचे मोआब १९६०पर्यंत साडेचार हजारांच्या पुढे गेले.

या धावपळीत अणुऊर्जा आयोगाने आग्नेय युटामध्ये जवळजवळ १,००० मैलांचे, म्हणजे सुमारे १,६०० किलोमीटरचे रस्ते काढले. आज सायकलस्वार ज्या ‘व्हाइट रिम’ रस्त्यावर तीन-चार दिवस मुक्काम करत फिरतात, तो सुमारे १६० किलोमीटरचा रस्ता त्यांपैकीच एक. विशेष म्हणजे पुढे कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानात गेलेल्या भागात युरेनियम फारच थोडे निघाले. रस्ते मात्र राहिले, आणि ज्या दऱ्यांत तोवर फक्त घोडा जात असे तिथे जीप जाऊ लागली.

बेट्स विल्सन हे मोआबजवळच्या आर्चेस या संरक्षित क्षेत्राचे (आताच्या राष्ट्रीय उद्यानाचे) अधीक्षक या दऱ्यांच्या संरक्षणासाठी अनेक वर्षे झटत होते. त्यांनी पाहुण्यांना जीपमधून आत नेले, मुक्कामाला ठेवले आणि स्वतःच्या हाताने रांधून खाऊ घातले. सरकारी जमिनी व उद्याने सांभाळणाऱ्या अंतर्गत खात्याचे मंत्री स्ट्यूअर्ट उडाल यांची साथ मिळाल्यावर १२ सप्टेंबर १९६४ रोजी कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यान झाले.

इथल्या उघड्या वालुकाश्माला ‘स्लिकरॉक’, म्हणजे निसरडा खडक, हे नाव नाल ठोकलेल्या घोड्यांमुळे पडले. लोखंडाचा नाल ज्या वालुकाश्मावरून घसरतो, त्याच खरबरीत पृष्ठभागाला रबरी टायर घट्ट धरतो. १९६९मध्ये मोटरसायकलवाल्यांसाठी त्या खडकावर पांढऱ्या रंगाचे पट्टे मारून मार्ग आखण्यात आला, आणि १९८०च्या दशकात माउंटन बाइकने तोच मार्ग जगप्रसिद्ध केला. तोवर युरेनियमची मागणी ओसरली होती, १९८४मध्ये युरेनियमच्या खनिजावर प्रक्रिया करणारी गावची गिरणी बंद पडली होती आणि लोक घरे सोडून जात होते. सायकलीने गावाला पुन्हा रोजगार दिला, हे मान्यच केले पाहिजे.

मात्र त्याची किंमत जमीन मोजते आहे. इथल्या वाळूवर सूक्ष्म शेवाळे, बुरशी आणि जिवाणूंचा एक काळपट, खडबडीत पापुद्रा असतो. तोच माती धरून ठेवतो आणि तिच्यात नायट्रोजन मुरवतो. एका पावलाने किंवा चाकाने तो मोडला, की पूर्ववत व्हायला दशके लागतात. म्हणून रस्ता सोडू नका ही सूचना तिथे जागोजाग दिसते. आर्चेस उद्यानात २०२१मध्ये १८ लाखांहून अधिक भेटी नोंदल्या गेल्या, आणि २०२२मध्ये प्रवेशाची वेळ आधी राखून ठेवण्याची पद्धत तिथे सुरू झाली.

युरेनियम खणणाऱ्यांची, विशेषतः नावाहो कामगारांची, फुप्फुसे हवेशीर नसलेल्या खाणींतल्या किरणोत्सर्गाने निकामी झाली. त्यांच्या भरपाईचा कायदा १९९०मध्ये झाला. गिरणीने मागे टाकलेला सुमारे १.६ कोटी टन किरणोत्सारी गाळ कोलोरॅडोच्या काठी, आर्चेसच्या प्रवेशद्वारापासून काही किलोमीटरवर पडून होता. २००९पासून तो रेल्वेने उत्तरेकडील क्रेसेंट जंक्शनजवळ नेऊन पुरला जाऊ लागला.