पटावरचं नाव आणि पोटातले जंत

पश्चिम केनियात, युगांडाच्या सीमेला लागून बुसिया नावाचा जिल्हा आहे. 1998 साली तिथल्या प्राथमिक शाळांमध्ये काही माणसं न कळवता येऊन धडकायची. वर्गात जायची आणि यादीतलं एकेक मूल खरोखर समोर बसलंय का, ते पाहून खूण करायची. शाळेच्या हजेरीपत्रकावर त्यांनी भिस्त ठेवली नव्हती. हजेरीपत्रकात किती मुलं आणि वर्गात किती, यातला फरक आपल्याकडच्याही शिक्षकांना चांगला ठाऊक आहे.

युनेस्कोच्या अंदाजानुसार जगात 25 कोटींहून जास्त मुलं-मुली शाळेबाहेर आहेत. फी, शाळेचं अंतर, युद्ध, घरातली कामं, मुलींची लवकर होणारी लग्नं ही त्यामागची कारणं आपण ऐकलेली असतात आणि ती खरीच आहेत. केनियानं 2003 साली प्राथमिक शाळांची फी रद्द केली तेव्हा पट सुमारे 59 लाखांवरून 72 लाखांवर गेला. एवढी मुलं केवळ पैशांपायी बाहेर होती! पण नाव घातल्यानंतरचा प्रश्न मला जास्त अस्वस्थ करतो. पटावर नाव असलेलं मूल वर्गात का नसतं, आणि वर्गात असलं तरी शिकत का नाही?

मायकेल क्रेमर हे अमेरिकी अर्थतज्ज्ञ तरुणपणी केनियात वर्षभर शिक्षक होते. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न औषधांच्या चाचणीसारखा तपासायचं ठरवलं. काही शाळांना मदत द्यायची, तशाच दुसऱ्या शाळांना ती नंतर द्यायची आणि दोन्हींची तुलना करायची. सुरुवात पाठ्यपुस्तकांपासून झाली. तिथे एकेका पुस्तकावर अनेक मुलं अभ्यास करत. पुस्तकं वाटली की गुण वाढतील, असं कुणालाही वाटेल. सरासरी गुण जवळजवळ हललेच नाहीत. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत होती आणि बहुतेक मुलांची ती तिसरी भाषा: घरी मातृभाषा, बाजारात स्वाहिली आणि मग इंग्रजी. नवं कोरं पुस्तक हातात होतं, ते वाचता मात्र येत नव्हतं.

यानंतरचा प्रयोग जंतांचा. क्रेमर आणि त्यांचे सहकारी अर्थतज्ज्ञ एडवर्ड मिगेल यांनी 75 शाळा निवडल्या. त्यांत 30,000 हून अधिक मुलं होती. आधी केलेल्या तपासणीत 90 टक्क्यांहून जास्त मुलांच्या पोटात कुठल्या ना कुठल्या प्रकारचे जंत सापडले. अंकुशकृमी हा त्यातलाच एक जंत. त्याच्या अळ्या ओल्या मातीत असतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. तिथून रक्तावाटे फुप्फुसात जातात, खोकल्याबरोबर घशात येतात, गिळल्या जातात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. असं मूल फिकट पडतं, थकतं, त्याचं पोट दुखतं. आई त्या दिवशी त्याला घरीच ठेवते. असे दिवस साठत जातात.

शाळांचे तीन गट करून टप्प्याटप्प्यानं गोळ्या दिल्या गेल्या. न कळवता येणाऱ्या त्या माणसांच्या खुणांवरून कळलं, की गोळ्या मिळालेल्या शाळांमधली गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशानं कमी झाली. त्याहून विलक्षण गोष्ट म्हणजे, त्याच शाळांमध्ये ज्या मुलांनी गोळी घेतली नव्हती त्यांचीही हजेरी सुधारली. याचं कारण जंतांच्या जीवनचक्रात आहे. हे जंत पोटातल्या पोटात आपली संख्या वाढवत नाहीत. त्यांची अंडी शौचावाटे बाहेर पडतात आणि नवा जंत बाहेरूनच आत यावा लागतो. शेजारच्या मुलाचं पोट साफ झालं की वाटेवरची माती आणि शाळेमागची जागाही थोडी साफ होते. गोळी एकानं घ्यायची आणि लाभ आळीला!

परीक्षेतले गुण मात्र वाढले नाहीत. पुढे 2015 मध्ये लंडनच्या संशोधकांनी मूळ आकडेवारी घेऊन सगळं गणित पुन्हा केलं. त्यात चुका सापडल्या आणि दूरच्या शाळांनाही लाभ झाल्याचा मूळ अभ्यासातला दावा डळमळला. जंत कमी असलेल्या भागात सरसकट गोळ्या वाटून हजेरी वाढेल का, यावर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही. मूळ संशोधकांनी आपली आकडेवारी तपासायला खुली केली, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यांनीच 20 वर्षांनी त्या मुलांचा माग काढला. दोन-तीन वर्षं जास्त औषध मिळालेल्यांची तासागणिक कमाई, मोठेपणी, इतरांपेक्षा सुमारे 13 टक्क्यांनी जास्त आढळली.

भारतात 2015 पासून 10 फेब्रुवारीला शाळा-अंगणवाडीत चावून खायची जी गोळी देतात, ती बुसियातल्या मुलांनाही दिलेली अल्बेंडाझोल. तुमच्या मुलानंही ती खाल्ली असेल.

पण पोट बरं झालं तरी समोरचा धडा कळला नाही तर? बुसियात हाती लागलेलं पाठ्यपुस्तकांचं कोडं मुंबईच्या महापालिका शाळांमध्येही होतं, आणि तिथे तर मुलं आपल्या भाषेत शिकत होती. 2001 च्या सुमारास ‘प्रथम’ संस्थेनं तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांसाठी वस्तीतल्याच शिकलेल्या मुली ‘बालसखी’ म्हणून नेमल्या. रोज साधारण दोन तास पंधरा-वीस मुलांना त्या वेगळं बसवायच्या. इयत्तेचा अभ्यासक्रम बाजूला ठेवून, मुलाला जिथवर येतं तिथून पुढे शिकवायच्या: अक्षरं, जोडून शब्द, वजाबाकी. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांच्या गटानं मुंबई-वडोदऱ्यात हे मोजलं. गुण स्पष्ट वाढले, आणि सर्वांत मागे असलेल्यांचे सर्वांत जास्त. बालसखीला मिळणारं मानधन नियमित शिक्षकाच्या पगाराच्या तुलनेत अगदीच थोडं होतं. बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर यांना 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

2024 च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या सुमारे 27 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. उरलेल्या मुलांची नावंही पटावर आहेत, आणि उद्या सकाळी गुरुजी तिसरीचंच पुस्तक उघडणार आहेत.