कच्छचं रण एक नाही, दोन

नाताळच्या सुट्टीत लातूरहून आमच्या ओळखीतली दहा-बारा माणसं 'पांढरं रण' बघायला निघाली आणि पोचली जैनाबादला. सकाळी बघतात तर समोर भेगाळलेला तपकिरी चिखल. "हे बघायला एवढ्या लांब? मे महिन्यात आपलं तळं असंच दिसतं की," काकूंनी सांगून टाकलं. बुकिंग करताना 'कच्छचं रण' एवढंच वाचलेलं, आधीचं 'छोटं' कुणी पाहिलंच नाही.

फोटोतलं पांढरंशुभ्र ते मोठं रण. भुजपासून सुमारे ८० किलोमीटरवर धोरडो, त्याच्या पुढे. वाळू मात्र दोन्हीकडे शोधू नका. पावसाळ्यात समुद्राचं आणि नद्यांचं पाणी सपाटीवर पसरतं, नंतर आटतं, मीठ मागे राहतं. दिवाळीतच गेलात तर बऱ्याचदा पाणीच दिसतं.

माझं विचाराल तर मोठ्या रणात जायचं ते धोलावीरासाठी. रणातल्या खडीर बेटावरचं हे हडप्पाकालीन शहर २०२१ साली जागतिक वारसा यादीत आलं. मनसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांना बांध घालून तिथल्या लोकांनी पाणी शहराभोवतीच्या हौदांत वळवलं. पूर्वेकडचा हौद ७० मीटरहून लांब, आत उतरायला दगडी पायऱ्या. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी ज्याने प्यायलं, तो लातूरकर त्या काठावरून लवकर हलत नाही.

छोटं रण मोठ्या रणाच्या आग्नेयेला. सुमारे ५,००० चौरस किलोमीटरचं रानगाढवांचं अभयारण्य तिथे आहे. गुजराती लोक त्यांना घुडखर म्हणतात. गाढव म्हणून हसू नका, पिवळसर अंगाचा तो कळप धुरळा उडवत सुटला की जीप मागे पडते. पावसाळ्यात अभयारण्य बंद. मीठ इथेही आहे, पण ते माणसांनी पिकवलेलं. अगरिया कुटुंबं जमिनीखालचं खारं पाणी उपसून वाफ्यांत सोडतात आणि उन्हाळ्यापर्यंत तिथेच झोपडी करून राहतात. आपल्या मिठागरातला 'आगर' तो हाच.

दोन्ही रणं एका दिवसात उरकायला जाऊ नका, नुसत्या प्रवासातच दिवस जातो.

काकूंनी अगरियाकडून बोराएवढा मिठाचा खडा मागून आणला होता. देव्हाऱ्याशेजारी वाटीत ठेवला. जूनच्या पहिल्या पावसात वाटीत चमचाभर पाणी झालं.