खिडकीचं हँडल बदलण्याआधी

यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिक) चौकटीच्या, दुहेरी काचेच्या खिडक्या वापरणाऱ्या आमच्या गोव्यातल्या ग्राहकांसाठी

‘जनेलाचें हँडल मोडलां’ एवढाच निरोप आणि सोबत एक फोटो, असे मेसेज पावसाळ्यात आम्हाला सर्रास येतात. फोटोत हँडलचा दर्शनी भाग छान दिसतो. पण नवं हँडल बसणार की नाही हे ठरतं त्याच्या पाठीमागच्या बाजूवर, आणि ती फोटोत कधीच नसते. शिवाय हँडल मोडलं म्हणजे हँडलच वाईट होतं असं नाही. पुष्कळदा बिघाड खिडकीत दुसरीकडेच असतो आणि त्याचा भार हँडलवर येतो. तो बिघाड तसाच ठेवून नवं हँडल लावलं, तर वर्षभरात तेही हातात येतं. मग ग्राहक म्हणतो, हल्लीचा माल असाच.

आधी बिघाड शोधा

बाहेर उघडणाऱ्या, म्हणजे केसमेंट खिडकीत हँडल स्वतः काहीच अडकवत नाही. त्याच्या पाठीमागे एक चौकोनी दांडी असते, तिला स्पिंडल म्हणतात. ती शटरच्या, म्हणजे खिडकीच्या उघडणाऱ्या पल्ल्याच्या, आत लपलेल्या गिअरमध्ये शिरते. हँडल पाव फेरा फिरवलं की शटरच्या कडेची लांब पट्टी वर किंवा खाली सरकते आणि तिच्यावरचे छोटे रोलर चौकटीवरच्या स्ट्रायकरमध्ये, म्हणजे त्यांना अडकवणाऱ्या खाचेत, जाऊन बसतात. असं दोन-तीन ठिकाणी एकदम होत असल्यामुळे शटर रबरावर सगळीकडून सारखं दाबलं जातं. दुहेरी काचेसाठी जे पैसे मोजले ते या दाबामुळे वसूल होतात. दाब सुटला की एसीची गार हवा फटीतून जाते, रस्त्याचा आवाज आत येतो आणि पश्चिमेचा पाऊस खिडकीच्या कट्ट्यावर साचतो.

दुहेरी काच जड असते. ५ मिलिमीटरच्या दोन काचा धरल्या तर एका चौरस मीटरला सुमारे २५ किलो वजन होतं. हा सगळा भार वरखालच्या दोन बिजागऱ्यांवर टांगलेला असतो. काही वर्षांनी बिजागरी सैल होते, शटर हँडलच्या बाजूने किंचित खाली उतरतं आणि रोलर स्ट्रायकरच्या तोंडाशी न येता त्याच्या कडेवर आपटतात. घरातला माणूस मग शटर उचलत, दाबत, जोर लावून हँडल फिरवतो. त्या जोरात सगळ्यांत कमकुवत भाग जातो: कधी हँडलची मान, कधी गिअर.

हे घरच्या घरी तपासता येतं. खिडकी उघडा, शटर एका हाताने धरा आणि उघड्या अवस्थेतच हँडल फिरवा. ते लोण्यासारखं फिरलं, पण खिडकी लावल्यावर अडकू लागलं, तर हँडलचा दोष नाही. शटर उतरलंय किंवा स्ट्रायकर सरकलाय, आणि ते काम बिजागरीचं किंवा स्ट्रायकरचं आहे. उघड्या अवस्थेतही जड जात असेल, तर हँडल खोलून हातात घ्या आणि नुसतंच फिरवून पाहा. हातात हलकं फिरतं, म्हणजे गिअर कोरडा किंवा धुळीने भरलेला आहे. हातातही अडत असेल, तर मात्र हँडल बदलायचंच. चौथा प्रकारही भेटतो: हँडल गोल गोल फिरतं आणि पट्टी जागची हलत नाही. यात स्पिंडल आखूड पडलाय, झिजलाय किंवा आतला गिअर तुटलाय. गिअर तुटला असेल तर खिडकी बंद अवस्थेत अडकून बसते. अशा वेळी स्क्रूड्रायव्हर घालून कड उचकटू नका. चौकटीला कायमची खूण पडते, आणि कोपऱ्यावर बसलेला धक्का काचेलाही झेपत नाही.

जुन्या घरांत राहिलेल्यांची एक समजूत आम्हाला वरचेवर ऐकू येते. पावसात सागवानी खिडकी फुगते, तशी हीही फुगली असेल, म्हणून अडकते. यूपीव्हीसी पाण्याने फुगत नाही. उन्हाने मात्र वाढतं. एक मीटर उंचीचं शटर २० अंशांच्या फरकाने सुमारे एक मिलिमीटर लांब होऊ शकतं. पश्चिमेच्या भिंतीवरची, त्यातही लाकडासारख्या किंवा गडद रंगाची खिडकी दुपारी तीन वाजता जड आणि सकाळी सात वाजता हलकी लागत असेल, तर तेच कारण समजा. त्यासाठी हँडल नको, स्ट्रायकर थोडा सरकवून मिळतो.

घ्यायची मापं

हँडल बदलायचंच ठरलं, तर जुनं काढून ही मापं घ्या. मोजपट्टीपेक्षा व्हर्निअर कॅलिपर बरा, पण शाळेची पट्टीही चालेल.

स्पिंडलची जाडी: बहुतेक खिडक्यांत चौकोनाची बाजू ७ मिलिमीटर असते.

दोन स्क्रूंमधलं अंतर: एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत. प्रचलित माप ४३ मिलिमीटर. हे जुळलं नाही, तर नव्या भोकांचा मोह आवरा. जवळजवळ पडलेल्या दोन भोकांमधला प्लॅस्टिकचा पापुद्रा स्क्रू धरत नाही.

स्पिंडलची लांबी: हेच माप जास्तीत जास्त चुकतं. पूर्ण दांडी मोजायची नाही, हँडलच्या बैठकीच्या (शटरला टेकणाऱ्या चपट्या भागाच्या) तळापासून जेवढी बाहेर दिसते तेवढीच मोजायची. बाजारात १५, २०, २५, ३०, ३५, ४० अशा लांबीचे स्पिंडल मिळतात आणि दिसायला सगळी हँडलं सारखीच असतात. लांब पडला तर बैठक शटरला टेकत नाही, मग लोक स्क्रू आवळून बसवू पाहतात आणि बैठक तडकते. भरीव स्पिंडल हॅक्सॉ ब्लेडने कापून आखूड करता येतो, टोकाला कानस मारायची तेवढी आठवण ठेवा. आखूड स्पिंडल जास्त घातक. तो गिअरमध्ये जेमतेम शिरतो, सुरुवातीला चालतोही, आणि महिना-दोन महिन्यांत गिअरचं चौकोनी भोक गोल करून ठेवतो. मग हँडलच्या जागी अख्ख्या गिअरचा खर्च.

सरळ हँडल डाव्या-उजव्या दोन्ही शटरांना चालतं. मान वाकडी असलेलं हँडल मात्र डावं आणि उजवं वेगळं येतं. खोलीत उभं राहून पाहा, बिजागरी तुमच्या डाव्या हाताला की उजव्या, आणि तेवढंच आम्हाला सांगा. डावं-उजवं आम्ही ठरवतो, कारण कंपनीगणिक नावं उलटसुलट असतात.

गोव्यात आणखी एक माप घ्यावंच लागतं, ते कॅटलॉगमध्ये नसतं. आपल्याकडे खिडकीला आतून जाळीचं शटर किंवा लोखंडी ग्रिल असते. हँडल भिंतीकडून किती पुढे येतं आणि जाळी किंवा ग्रिल तिथून किती लांब आहे, ते मोजा. ग्रिलच्या दोन सळ्यांमधून हात घालून हँडल पूर्ण पाव फेरा फिरलं पाहिजे. फोटो पाहून मागवलेलं ऐटबाज लांब हँडल अर्ध्यावर सळीला आपटतं, असं आम्ही बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

काढताना आणि बसवताना

कोरडा, वारा नसलेला दिवस निवडा. हँडल ‘उघड्या’ स्थितीत ठेवा. स्क्रू बैठकीवरच्या पातळ झाकणाखाली लपलेले असतात. काही हँडलांत झाकण किंचित उचलून आडवं फिरवायचं असतं, काहींत छोटी प्लॅस्टिकची टोपी नखाने निघते. झाकण फिरत नाही म्हणून पकड लावू नका, आधी उचला.

स्क्रू गंजून डोकं घासलं असेल, तर योग्य मापाचा नवा बिट दाबून धरून हळूहळू फिरवा. ड्रिलने डोकं उडवायची वेळ आली, तर टोकाची खोली मोजून ड्रिल धरा. भोकाच्या मागे गिअर आहे आणि थोडं पलीकडे काच.

नवं हँडल बऱ्याचदा डब्यातून ‘बंद’ स्थितीत येतं. चावीचं असेल तर चावी फिरवून, बटणाचं असेल तर बटण दाबून ते उघड्या स्थितीत आणा आणि मगच स्पिंडल आत सरकवा. गिअर एका स्थितीत आणि हँडल दुसऱ्या, असं बसलं की खिडकी लागलेली असताना हँडल आडवं दिसतं. स्क्रू हाताने आवळा, मशीनने नाही. दोन्ही थोडे थोडे, आळीपाळीने. जुन्यापेक्षा लांब स्क्रू टाकू नका, टोक गिअरला टेकलं की नवं हँडल पहिल्या दिवसापासून जड. सगळं झाल्यावर शटर उघडं ठेवूनच चार-पाच वेळा फिरवून पाहा, मग खिडकी लावा.

वरच्या मजल्यावरच्या, ग्रिल नसलेल्या खिडकीचं काम एकट्याने करू नका. हँडल निघालेलं शटर वाऱ्याने उघडलं, तर धरायला काही उरत नाही.

खाऱ्या वाऱ्यात काय टिकतं

कळंगुट, कोलवा, मिरामार, बायणा अशा किनाऱ्यालगतच्या घरांत हँडल आतल्या बाजूला असूनही गंजतं. संध्याकाळी खिडकी उघडली की खारी हवा आत येते. बाहेरच्या वस्तूंवरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस. आतल्या हँडलवर पाऊस पडत नाही, मीठ तिथेच बसून राहतं. म्हणून किनाऱ्यावर बाहेरची बिजागरी ठीक आणि आतलं हँडल फोड आलेलं, असं उलटं दृश्य दिसतं.

बाजारातली बहुतेक हँडलं जस्ताच्या मिश्रधातूची किंवा ॲल्युमिनियमची, वर पावडर कोटिंग केलेली असतात. कोटिंग शाबूत तोवर दोन्ही चांगली. अंगठीने, चाव्यांनी चरा पडला की त्या जागेतून जस्ताच्या हँडलला पांढरट पूड आणि फोड यायला लागतात. समुद्रापासून दूर, फोंडा, डिचोली भागात आम्ही जस्ताचंही हँडल निःशंकपणे देतो. किनाऱ्याजवळ ॲल्युमिनियम बरं. ज्यांच्या घरातून समुद्र दिसतो त्यांनी स्टेनलेस स्टीलचं घ्यावं, पण ‘एसएस’ एवढ्यावर थांबू नका. ३०४ प्रतीच्या स्टीलवर खाऱ्या हवेत चहाच्या डागासारखे तपकिरी डाग येतात. ३१६ प्रतीत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, त्यामुळे ती मिठाला जास्त दाद देत नाही. महाग आहे, खरं आहे.

विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारा: गंज तपासणारी मिठाच्या फवाऱ्याची चाचणी किती तासांची? ईएन १६७० या युरोपीय मानकात दर्जा ३ म्हणजे ९६ तास, दर्जा ४ म्हणजे २४० आणि दर्जा ५ म्हणजे ४८०. उत्तर टाळलं तर काय समजायचं ते समजा. आणि हँडल कितीही भारी असलं तरी सोबतचे स्क्रू पाहा. साध्या मुलामा दिलेल्या लोखंडी स्क्रूंची गंजकी ओघळ पांढऱ्या शटरवर उतरते ती काही निघत नाही. आम्ही डब्यातले स्क्रू बाजूला ठेवून स्टेनलेसचे वापरतो.

सरकत्या खिडक्या

यांत स्पिंडल नसतो. टच लॉक किंवा आकड्याचं लॉक शटरच्या खाचेत बसतं, म्हणून खाचेची लांबी-रुंदी आणि आकड्याची उंची मोजायची. बाहेरच्या ट्रॅकवरच्या शटरला पुढे आलेलं हँडल कधीही लावू नका, ते आतल्या शटरला आपटतं. सांखळी-डिचोलीकडे तांबडी धूळ आणि वास्कोकडे काळी धूळ ट्रॅकमध्ये साठून शटर जड होतं, आणि दोष जातो हँडलला. आधी ट्रॅक व्हॅक्यूमने साफ करा.

चावीचं हँडल

लहान मुलं असलेल्या घरात वरच्या मजल्यावर जरूर घ्या. फक्त चावी मुलांचा हात पोहोचणार नाही पण मोठ्यांना अंधारातही सापडेल अशा खिळ्यावर टांगा. आग लागली तर कपाटातल्या डब्यात चावी असून उपयोग नाही.

निगा

महिन्यातून एकदा साध्या पाण्याने ओलं केलेलं फडकं फिरवा, मग कोरडं. समुद्राजवळ आठवड्याने. नवीन टाइल्स बसवल्यावर मेस्त्री ॲसिडने फरशी धुतात तेव्हा खिडक्या उघड्या आणि हँडलं झाकलेली हवीत. त्या वाफेने स्टेनलेस स्टीलसुद्धा एका दुपारीत काळवंडतं.

गिअर आणि रोलरना पावसाआधी, मे महिन्यात, पांढरं ग्रीस बेताने लावा. खोबरेल तेल नको. चार दिवस हँडल हलकं फिरतं, नंतर तेल धुळीत मिसळून चिकट होतं आणि गिअर घट्ट धरतं. गंज सोडवणारे पेट्रोलियमचे स्प्रे रबरावर उडू देऊ नका, आपल्या खिडक्यांचं रबर बहुधा ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर असतं आणि ते तेलाने फुगतं. रबराला सिलिकॉन स्प्रे. दोन काचांच्या मध्ये वाफ धरत असेल, तर त्याचा हँडलशी संबंध नाही. काचेचं सील गेलंय, अख्खी काच बदलावी लागते.

आमच्याकडे येताना

जुनं हँडल काढून सोबत आणा, तुटलेले तुकडे आणि स्क्रूसुद्धा. हँडल काढता येत नसेल तर तीन फोटो पाठवा: पूर्ण खिडकी आतून, हँडल बाजूने, आणि शटर उघडून कडेची पट्टी. पट्टीवर कंपनीचं नाव किंवा नंबर कोरलेला असतो, तो वाचता आला तर अर्धं काम झालं. घरी येऊन तपासणी केली तर तिचे पैसे वेगळे पडतात, हँडल किंवा गिअर आमच्याकडून घेतल्यास ते बिलातून वजा होतात. स्ट्रायकर सरकवून काम भागलं तर आम्ही तेवढंच करतो.

चवथीच्या आधीचे पंधरा दिवस आमची माणसं दिवसभर बाहेर असतात आणि फोन लागत नाही. रंगकाम आटोपून खिडक्या पाहायला घ्याल तोवर उशीर झालेला असतो, म्हणून मापं जुलैतच पाठवून ठेवा.