स्पॉट टॉर्च की व्हिडिओ लाइट? ल्युमेन सारखेच, पाण्याखाली काम मात्र वेगळं

डायव्हिंगचा टॉर्च घ्यायला निघालं की सगळे आधी एकच आकडा बघतात, ल्युमेन. दोन डबे शेजारी ठेवले, दोन्हीवर १००० ल्युमेन, दोन्ही १०० मीटरपर्यंत चालणारे, सेलपण तोच, दिसायलाही भाऊभाऊ, मग काय, स्वस्त पडला तो उचलला. गडबड इथेच होते, कारण त्यातला एक स्पॉट टॉर्च असतो आणि दुसरा व्हिडिओ लाइट, आणि एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही.

मी पहिल्या नाइट डाइव्हला पसरट झोताचा लाइट घेऊन उतरलो होतो. वर बोटीवर लावून बघितला तेव्हा अख्खा डेक उजळला होता, म्हटलं झकास. खाली गेल्यावर हाताएवढ्या अंतरावरचं सगळं लख्ख, पण त्याच्या पुढे नुसता दुधाळ पडदा, आणि बडीला, म्हणजे सोबतच्या जोडीदार डायव्हरला, ओके सांगायला लाइट गोल फिरवला तर त्याला काही कळेचना, कारण माझा उजेड आधीच चारी बाजूंना सांडलेला होता, त्यात वर्तुळ कुठून दिसणार. त्या डाइव्हनंतर मी ल्युमेनच्या आधी झोताचा कोन बघायला लागलो.

ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड, बस. तो कुठे जातो, किती लांब जातो हे त्यात येत नाही. बागेला पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की तेच पाणी लांबवर जातं आणि झारी लावली की पायापाशीच पसरतं, तसंच हे. स्पॉट टॉर्चचा झोत साधारण ६ ते १५ अंशांचा असतो, व्हिडिओ लाइटचा १०० ते १२० अंशांचा. आता हिशोब करून बघा, १ मीटर अंतरावर १० अंशांच्या झोताचं वर्तुळ जेमतेम १७-१८ सेंटीमीटरचं पडतं आणि १२० अंशांचं जवळजवळ साडेतीन मीटरचं. म्हणजे त्याच १००० ल्युमेनचा उजेड स्पॉटमध्ये शंभर पटीहून जास्त दाट असतो! म्हणून चांगला स्पॉट ५०० ल्युमेनचा असला तरी लांबवर मारा करायला २००० ल्युमेनच्या व्हिडिओ लाइटला सहज मागे टाकतो.

हे झालं हवेतलं. पुढची काच सपाट असेल तर पाण्यात शिरताना उजेड आतल्या बाजूला वाकतो आणि १२० अंशांचे साधारण ८० होतात, १० अंशांचे साडेसात. काच घुमटासारखी असेल तर कोन जवळपास तसाच राहतो. त्यामुळे व्हिडिओ लाइट घेताना डब्यावरचा कोन हवेतला की पाण्यातला हे विचारून घ्या, त्यातच खूप जण फसतात.

आता तो दुधाळ पडदा कसला होता? समुद्राचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी त्यात गाळ, प्लँक्टन, बारीक कण तरंगत असतातच. धुक्यात गाडीचा अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते ना, अगदी तेच. पसरट उजेड तुमच्या नाकासमोरच्या सगळ्या कणांना एकदम चमकवतो आणि तो उजेड परत डोळ्यात येतो, स्पॉट मात्र अरुंद पट्ट्यातून जातो त्यामुळे उजळणारे कण कमी, बाजूचा अंधार अंधारच राहतो आणि डोळे दिपत नाहीत. गढूळ पाण्यात तर मी स्पॉटशिवाय उतरणारच नाही.

मग व्हिडिओ लाइट कशाला बनवतात, तर कॅमेऱ्यासाठी, आणि तिथे स्पॉट अगदीच कुचकामी. फ्रेमच्या मधोमध जळालेला पांढरा गोळा आणि कडेला काळोख, असलं फुटेज घरी येऊन डिलीटच करावं लागतं. कॅमेऱ्याला कडेपर्यंत सारखा पसरलेला उजेड लागतो, मध्ये टिकली नको. कणांचा त्रास तिथेही असतोच, म्हणून लाइट कॅमेऱ्याच्या डोक्यावर न लावता लांब आर्मवर दोन्ही बाजूंना लावतात आणि किंचित बाहेरच्या बाजूला वळवतात, म्हणजे लेन्स आणि माशाच्या मधले कण कमीत कमी उजळतात.

रंगांचा मुद्दा दोघांनाही लागू आहे. पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं, ५ ते १० मीटरवरच तो बहुतेक संपतो, मग नारिंगी, मग पिवळा, खाली उरतं ते निळं-हिरवं. टॉर्च लावला की करड्या दिसणाऱ्या स्पंजचा एकदम लालभडक रंग उमटतो, तो बघायला मी दिवसाढवळ्याही टॉर्च नेतो. पण टॉर्चच्या उजेडालाही जाऊन परत यायचं असतं, वस्तू २ मीटरवर असेल तर ४ मीटर पाणी कापावं लागतं, त्यामुळे लांबून मारलेल्या उजेडात रंग येत नाहीत. व्हिडिओवाले एक-दीड मीटरच्या आत जाऊन शूट करतात ते याच कारणाने. व्हिडिओ लाइटच्या बाबतीत सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा १०० पैकीचा आकडा, तोही बघा, ९० च्या वर असेल तर रंग खरे उतरतात. स्पॉटमध्ये मी त्याची एवढी चिंता करत नाही.

रात्री टॉर्च हीच तुमची बोली असते. झोताचं हळू गोल वर्तुळ म्हणजे ओके, जोरजोरात आडवा हलवला म्हणजे मदत पाहिजे. समोरच्या वाळूवर बडीच्या झोताचा टिपका दिसतोय तोवर तो जवळ आहे हे मान न वळवता कळतं, हा केवढा आधार आहे ते अंधारात गेल्यावरच समजतं. पसरट लाइटमध्ये हे सगळं विरघळून जातं, वर शेजाऱ्याच्या डोळ्यात उजेड जातो तो वेगळाच, आणि कपारीत झोपलेला पॅरटफिशही उगाच बिथरतो.

बॅटरीचं थोडक्यात सांगतो. पूर्ण पॉवरवर किती वेळ आणि त्यातला किती वेळ खरंच पूर्ण पॉवरवर, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, बरेच लाइट काही मिनिटांत स्वतःहून मंद होतात आणि मग तासभर तसेच चालतात. जास्त ल्युमेनचे व्हिडिओ लाइट भयंकर तापतात, पाणी त्यांना थंड ठेवतं, म्हणून पाण्याबाहेर फुल पॉवरवर लावून ठेवू नका.

आणि हो, ट्रेकिंगचा वॉटरप्रूफ टॉर्च यातलं काहीच नाही. २ मीटरवर अर्धा तास टिकेल असं लिहिलेला टॉर्च ३० मीटरवर, पृष्ठभागाच्या चौपट दाबाखाली नेऊ नका, मीटरमध्ये लिहिलेलं डेप्थ रेटिंग बघा. ओ-रिंगवर, म्हणजे झाकणाच्या रबरी कड्यावर, एक केस किंवा वाळूचा कण बसला तरी पाणी आत येतं, त्यामुळे सेल बदलल्यावर ती प्रत्येक वेळी पुसून, निरखून, अगदी थोडं ग्रीस लावूनच बंद करायची, इथे आळस नको.

माझं मत विचाराल तर पहिला टॉर्च स्पॉटच घ्या, साधारण १० अंशांचा, ८०० ते १००० ल्युमेन, एका हाताने हातमोजा घालूनही चालू-बंद करता येईल असं बटण. दुसरा बॅकअप, तोही स्पॉट, छोटा, बीसीडीला, म्हणजे हवा भरायच्या डायव्हिंग जॅकेटला, क्लिप केलेला, कारण नाइट डाइव्हला एका टॉर्चवर भरवसा ठेवायचा नसतो, केव्ह डायव्हर तर माणशी तीन बाळगतात. व्हिडिओ लाइट कॅमेरा हातात आल्यावर, आणि तेव्हाही तो तिसरा, आधीच्या दोघांची जागा घेणारा नाही. एकाच टॉर्चमध्ये दोन्ही झोत देणारे मॉडेल मिळतात, प्रवासात वजन वाचतं हे खरं, पण तो बिघडला की दोन्ही झोत एकदम जातात, म्हणून बॅकअप त्यालाही लागतोच.

आणि दुकानात कोन लिहिलेला सापडला नाही तर अंधाऱ्या खोलीत भिंतीपासून १ मीटरवर उभं राहून दोन-चार सेकंद लावून बघा, मधला प्रखर ठिपका साधारण वीतभर असला तर तो स्पॉट, आणि भिंतीवर टिकली न उमटता अख्खी भिंतच सारखी उजळली तर तो व्हिडिओ लाइट.