एक एकर हेम्प म्हणजे चार एकर झाडं?

'एक एकर हेम्प चार एकर झाडांइतका कागद देतं' असं फॉरवर्ड सांगतं. हेम्प म्हणजे धाग्यासाठी लावतात ती भांगेची जात. आकडा हवेतला नाही; तो १९१६ च्या एका अमेरिकी सरकारी पत्रिकेतला आहे. पण तुलना तेव्हाच्या जंगलवाढीशी होती, २० वर्षांच्या हिशेबाने. आजची निलगिरीची लागवड कितीतरी झपाट्याने वाढते.

हेम्पचं खोड सोललं की बाहेर लांब, चिवट धागा निघतो, आत ठिसूळ पांढरट काडी. सिगारेटच्या पातळ कागदाला लागतो तो धागा. काडीचे तंतू आखूड. गंमत म्हणजे १९१६ चा हिशेब काडीचाच होता!

पडताळायचं तर विचारा: एकरी वर्षाला वाळलेला माल किती, त्यातून लगदा किती टक्के, आणि तुलना कोणत्या झाडाशी? शिवाय हेम्प हंगामातच कापतात, कागदाची गिरणी मात्र बारा महिने चालते. साठवणुकीचा खर्च फॉरवर्डमध्ये नसतो.