वेळनिहाय वीजदर आणि घरगुती बिलाचा हिशेब (मराठवाडा)

वीज किती वापरली याबरोबरच ती कोणत्या वेळी वापरली हे पाहून दर लावण्याच्या पद्धतीला वेळनिहाय वीजदर म्हणतात. कागदोपत्री हिचे नाव 'टाइम ऑफ डे'. लोकांच्या तोंडी मात्र नुसता 'टीओडी मीटर' असतो. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली आणि ही पद्धत घरगुती ग्राहकांपर्यंत आली. उन्हाच्या आठ तासांतला दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा, असे ते नियम सांगतात. महाराष्ट्रात टीओडी मीटर बसलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू झाली. ती टप्प्याटप्प्याने १ रुपयापर्यंत नेण्याचे ठरले.

कारखान्यांना हे नवे नाही, पण त्यांचे घड्याळ आधी उलटे होते. रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपया सूट आणि संध्याकाळी ६ ते १० या वेळेत १ रुपया १० पैसे जादा, अशी ती रचना होती. कोळशावर वीज बनवणारे संच रात्री सहज बंद करता येत नाहीत आणि तेव्हा मागणीही कमी असते, म्हणून रात्रीची वीज स्वस्त. सौरऊर्जा वाढली तशी ही स्वस्ताई दुपारी सरकली. वेळ पाहून वीज वापरायची सवय मराठवाड्याला तशी जुनीच आहे. भारनियमनाच्या वर्षांत दळण कधी टाकायचे हे गिरणीवाला नव्हे, वेळापत्रक ठरवायचे. थ्री फेज रात्री येते म्हणून शेतकरी बॅटरी घेऊन पिकाला पाणी द्यायला जायचे. तेव्हा अवेळी वीज महाग नसे, ती नसेच.

हिशेब दोन पायऱ्यांत करावा. आधी सवलत विसरून नेहमीचे बिल काढायचे. महिन्याचे युनिट ०–१००, १०१–३००, ३०१–५०० आणि ५०० वर अशा टप्प्यांत पडतात आणि प्रत्येक टप्प्यातल्या युनिटना त्याच टप्प्याचा दर लागतो. ३१० युनिट झाले म्हणून सगळेच युनिट तिसऱ्या दराने जात नाहीत, जातात ते वरचे दहाच. हा गैरसमज फार पसरलेला आहे. त्यात स्थिर आकार, वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा), इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चानुसार बदलणारा) आणि १६ टक्के विद्युत शुल्क मिळवले जाते. मग ९ ते ५ मधले युनिट वेगळे काढून त्यांना त्या वेळच्या सवलतीने गुणायचे; इथे सुरुवातीचे ८० पैसे धरले आहेत. समजा, अंबाजोगाईतल्या एका घरात महिन्यात २६० युनिट जळाले आणि त्यांतले ११० दिवसाच्या वेळेतले आहेत. ११० × ०.८० म्हणजे ८८ रुपये सवलत.

या ८८ रुपयांतले बरेचसे काही न करता मिळालेले असतात. फ्रिज चोवीस तास चालू असतो आणि चोवीसातले आठ तास सवलतीचे, म्हणजे त्याच्या वापराचा साधारण तिसरा हिस्सा आपोआप त्यात येतो. दुपारचा कूलरही तसाच. २०० वॉटचा कूलर ११ ते ५ चालला तर रोजचे १.२ युनिट, महिन्याचे ३६ आणि सवलत २८ रुपये ८० पैसे. रात्री अंगणात किंवा गच्चीवर झोपणे ज्यांना जमत नाही, त्यांचा कूलर पहाटेपर्यंत चालतो. त्या युनिटना काहीच मिळत नाही.

खरोखर सरकवता येण्यासारखी कामे थोडी: बोअरची मोटार, इस्त्री, वॉशिंग मशीन, घरघंटी. एक एचपीची मोटार तासाला अंदाजे एक युनिट घेते. ती रोज तासभर सकाळी सहाऐवजी दहाला लावली, तर महिन्याला ३० युनिट सरकतात आणि २४ रुपये वाचतात. पण हौद भरायचा तो नळाला पाणी आल्यावर, आणि मराठवाड्यातल्या कित्येक शहरांत नळ काही दिवसांआड, कधी मध्यरात्री येतो. पाणी वरच्या टाकीत चढवायची मोटार मग घड्याळ बघत नाही. घरातले सगळे दिवसभर कामावर असतील तर सरकवायला उरते ते थोडकेच. थंडीत गिझर तर नऊच्या आतच लागतो.

म्हणून टीओडीपेक्षा टप्प्यावर नजर ठेवलेली बरी. तिसऱ्या टप्प्यातले दहा युनिट दुपारी सरकवले तर ८ रुपये सुटतात. ते वापरलेच नाहीत तर शंभराहून अधिक. वेळेची नोंद मीटर स्वतःच्या घड्याळाने करतो, भिंतीवरच्या नव्हे. पावणेनऊला लावलेली इस्त्री पहिली पंधरा मिनिटे पुऱ्या दराने चालते.