पहिला सुटावा, दुसरा राहावा

जड वस्तू उचलण्याचा प्रश्न यंत्रांनी केव्हाच सोडवला आहे. शंभर टनांचं धूड क्रेन अलगद उचलते आणि हवं तिथे टेकवते. आता यंत्रासमोर ०.१ मिलिमीटर जाडीच्या पाचशे चकत्यांची चळत ठेवा आणि सांगा: यातली एकच घे, वाकवू नकोस, ओरखडा उठू देऊ नकोस, आणि सेकंदाला एक या गतीने दिवसभर घेत राहा. इथे गाडं अडतं. कधी एकही चकती येत नाही, कधी दोन येतात, आणि कधी एकच येते पण कडेचा टवका उडालेली.

जुळणीच्या कामात असे पातळ, नाजूक भाग पदोपदी भेटतात. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातल्या ०.३५ किंवा ०.५ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्ट्या, इंजिनातली गॅस्केटं, फट भरून काढणाऱ्या शिम, सौरघटांचे सिलिकॉन वेफर, लिथियम बॅटरीतले इलेक्ट्रोड. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, पण अडचण मुळात एकच. चळतीतला पहिला भाग आणि त्याला लागून असलेला दुसरा हुबेहूब सारखे असतात. जो जोर पहिल्याला हलवतो, तो दुसऱ्यालाही हलवू शकतो. या दोघांत यंत्राला कुठून तरी फरक निर्माण करावा लागतो. गेल्या शंभरेक वर्षांतल्या या क्षेत्रातल्या बहुतेक युक्त्या म्हणजे हा फरक पैदा करण्याचे मार्ग आहेत.

हातालाही पातळपणा नडतोच. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जेफ्री बूथरॉइड यांनी भाग हाताळायला किती वेळ लागतो याची कोष्टकं तयार केली, त्यात २ मिलिमीटरपेक्षा पातळ भागांना जास्त वेळ धरला आहे. तरी बोटं कड चाचपून पाहतात, चळत किंचित वाकवतात, दोन आले तर चोळून एक मागे सारतात. यंत्राला यातलं प्रत्येक काम वेगळं शिकवावं लागतं.

सुटे भाग ओळीने पुढे आणणारं सर्वांत रुळलेलं साधन म्हणजे बाउल फीडर. एक पसरट वाडगं, त्याच्या आतल्या भिंतीवरून गोल गोल वर चढत जाणारी वाट, आणि खाली तिरप्या बसवलेल्या पट्टीच्या स्प्रिंगा व विद्युतचुंबक. ५० हर्ट्झच्या विजेवर हा चुंबक सेकंदाला १०० वेळा खेचतो. प्रत्येक वेळी वाडगं किंचित वर आणि पुढे सरकतं, आणि आतले स्क्रू, नट, रिव्हेट बारीक उड्या मारत चढण चढतात. उलटा आलेला भाग वाटेतल्या खाचेपाशी तोल जाऊन तळात पडतो आणि पुन्हा चढू लागतो. स्क्रूसाठी ही रचना फारच सुंदर आहे. पातळ चकतीसाठी मात्र जवळजवळ प्रत्येक बाबतीत चुकीची. चकत्या एकमेकींवर अर्ध्या-अर्ध्या चढतात. वरचा थर झाडण्यासाठी लावलेल्या पट्टीखाली शिरून रुतून बसतात. परत पडलेली चकती वाडग्यात कितीतरी फेऱ्या मारते आणि प्रत्येक फेरीत शेजारच्यांवर आदळते. सिरॅमिकची असेल तर कडा झडतात, वर मुलामा असेल तर तो घासला जातो. म्हणून असे भाग वाडग्यात टाकायचेच नाहीत, चळत करून उभ्या मॅगझिनमध्ये, म्हणजे चळत धरणाऱ्या खोक्यात, ठेवायचे. आणि तिथे गाठ पडते चिकटण्याशी.

गोंद कुठेच नसतो. चिकटवते ती मुख्यतः हवा. १० सेंटिमीटर बाजूचा, अर्धा मिलिमीटर जाड पोलादी पत्रा जेमतेम ४० ग्रॅमचा. पण त्याच्या वरच्या अंगावर वातावरण सुमारे १०० किलो वजनाएवढं दाबत असतं. एरवी ते जाणवत नाही, कारण खालची हवा तितक्याच जोराने वर दाबते. दोन सपाट पत्रे एकमेकांवर टेकलेले असताना वरचा झटकन उचलायला गेलं, की मधली जागा वाढते आणि ती भरायला हवेला कडेकडून आत यावं लागतं. फट काही मायक्रॉनचीच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असेल तर तिला वेळ लागतो. तेवढा वेळ मधला दाब उतरलेला राहतो आणि खालचा पत्रा वरच्याच्या मागोमाग उठतो.

दोन चकत्यांमधल्या द्रवाच्या या ओढीचं गणित योझेफ श्टेफान या ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञाने १८७४ मध्ये मांडलं. त्यातले आकडे धडकी भरवणारे आहेत. चकत्या जितक्या वेगाने वेगळ्या करू पाहाल तितकी ओढ वाढते. सुरुवातीची फट निम्मी असेल तर ओढ आठपट. चकतीची त्रिज्या दुप्पट असेल तर सोळापट. मध्ये हवेच्या जागी छिद्रण-प्रेसमधून सोबत आलेलं तेल असेल, तर दाटपणा हजारो पटींनी जास्त. याचा एक सरळ अर्थ निघतो. अख्खा पत्रा एकदम वर ओढू नये. वहीचं पान उलटावं तसा एक कोपरा आधी उचलावा. मग सगळ्या पृष्ठभागाशी झुंजावं लागत नाही, फक्त सुटत जाणाऱ्या रेषेशी झुंजावं लागतं, आणि हवेला आत यायला दार मिळतं. चांगल्या उचल-यंत्रांत एका बाजूचा सक्शन कप बाकीच्यांच्या आधी वर जातो, तो यासाठी.

हवेच्या जोडीला आणखी दोन उपद्रव असतात. प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यांवर घर्षणाने विद्युतभार साठतो. आणि डायने, म्हणजे कापणाऱ्या साच्याने, कापलेल्या धातूच्या भागाच्या कडेला बारीक भुरी, म्हणजे कापताना उरलेली खरबरीत कोर, राहते. जाड भागाला तिने काही बिघडत नाही, पण पातळ भागांच्या भुऱ्या एकमेकींत अडकून चळतीचा ठोकळा होतो. यावर उपाय फीडरमध्ये शोधण्यापेक्षा डायला धार लावावी, हे माझं मत.

आता फरक कसा निर्माण करायचा? सर्वांत जुनी रीत भूमितीची. संगणकाच्या पंचकार्डांनी ती टोकाला नेली. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्रावर कार्डं एकेक करून हाताने ठेवली जात. १९५९ मध्ये आलेल्या आयबीएम १४०१ या संगणकाचं १४०२ हे कार्डयंत्र मिनिटाला ८०० कार्डं वाचत असे, म्हणजे सेकंदाला तेरा. कार्डाची जाडी सुमारे ०.१८ मिलिमीटर. अशा कार्डयंत्रांत चळतीच्या टोकाच्या कार्डाला मागून ढकलणारं एक पातं असे, आणि त्या पात्याची पायरी एका कार्डाच्या जाडीहून कमी उंचीची ठेवलेली असे. दुसऱ्या कार्डापर्यंत ती पोहोचतच नाही. समोर एक अरुंद गळा, एका कार्डाहून रुंद आणि दोन कार्डांहून अरुंद. पातं पहिल्यालाच धरतं, गळा दुसऱ्याला अडवतो. सगळा फरक जाडीतून काढलेला. दमट हवेत कार्ड फुगलं किंवा वळलं की गळ्यात चोंदायचं, हा या रचनेचा भोग.

हीच रीत धातूच्या भागांनाही चालते, पण जाडी उतरू लागली की दोन ठिकाणी घात होतो. भाग ०.१ मिलिमीटरचा असेल तर गळा साधारण ०.१५ चा ठेवावा लागेल. म्हणजे चुकायला जागा दोन्हीकडे ५० मायक्रॉन. इतका पातळ भाग स्वतःच तेवढा तरी वाकडा असतो, आणि मग वाकडा एकटा भागही गळ्याला दोन भागांसारखा वाटतो. दुसरा घात ढकलण्यात आहे. पातळ पट्टीला मागून रेटलं तर ती पुढे जाण्याऐवजी मधून कमान करून उठते. कमान व्हायला पुरेसा होणारा जोर जाडीच्या घनावर अवलंबून असतो. जाडी निम्मी झाली की जोर एक-अष्टमांश पुरतो. वरून चळतीचं ओझं आणि त्याचं घर्षण असतंच. थोडक्यात, एका मर्यादेनंतर ढकलणं सोडून ओढावं लागतं.

ओढायला रबरी रोलर हा प्रिंटर आणि फोटोकॉपी यंत्रांचा मार्ग. त्यातली एक क्लृप्ती मला फार आवडते. वर फिरणारा रोलर आणि त्याच्यासमोर स्थिर रबरी गादी. रोलर आणि कागद यांचं घर्षण सर्वांत जास्त, गादी आणि कागद यांचं त्याहून कमी, कागद आणि कागद यांचं सर्वांत कमी, एवढा क्रम जमवायचा. एकच कागद आत आला तर रोलर जिंकतो आणि कागद पुढे जातो. दोन आले तर वरच्याला रोलर नेतो. खालच्याला वरचा कागद ओढतो खरा, पण गादीची पकड त्याहून जास्त, म्हणून तो थांबतो. सेन्सर नाही, संगणक नाही, नुसत्या घर्षणाच्या उतरंडीतून यंत्र एक आणि दोन ओळखतं. रबर जुनं होऊन गुळगुळीत झालं की ही उतरंड कोसळते. शिवाय यात घासणं आलंच, आणि मुलामा दिलेल्या काचेला किंवा इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागाला ते सोसत नाही.

म्हणून नाजूक भागांसाठी न घासता वेगळं करण्याच्या तऱ्हा आल्या. कडेवर हवेचा झोत मारून वरचे काही पत्रे तरंगते ठेवणं ही त्यातली सर्वत्र दिसणारी. पोलादी पत्र्यांसाठी याहून देखणी युक्ती आहे. चळतीच्या कडेला जोरदार चुंबक टेकवला की सगळ्या पत्र्यांच्या त्या कडा एकाच ध्रुवाच्या होतात, एकमेकांना दूर लोटतात आणि वरचे पत्रे आपोआप फाकतात. पत्र्यांचं हुबेहूब सारखं असणं, जी मुळातली अडचण, तीच इथे कामाला लावली आहे.

सिलिकॉन वेफरची गोष्ट आणखी अवघड. सौरघटांचे वेफर आज दीडशे मायक्रॉनच्या आसपास, आणि सिलिकॉन ठिसूळ. तारेच्या करवतीने कापल्यावर ते ओले आणि एकमेकांना चिकटलेले निघतात. कोरडे करून ओढले तर तडकतात. त्यामुळे चळत पाण्यातच बुडवून ठेवतात, पाण्याच्या झोतांनी वेफरांमध्ये फट पाडतात आणि पुढचा वेफर शोषणाऱ्या पट्ट्यावर घेऊन बाहेर काढतात. कोरड्या वेफरसाठी बर्नुली ग्रिपर (ग्रिपर म्हणजे यंत्राची पकड) वापरतात. तो खेचण्याऐवजी फुंकतो. मधून निघालेली हवा वेफरवरून वेगाने चहूकडे पसरते, तिथला दाब उतरतो आणि खालच्या वातावरणामुळे वेफर वर उचलला जातो, ग्रिपरला न चिकटता, हवेच्या पातळ थरावर. बाजूला घसरू नये म्हणून कडेला छोट्या टेकण्या देतात. साध्या सक्शन कपात वेफर कपाच्या तोंडाशी खोलगट होतो, तो ताण इथे टळतो. सच्छिद्र कापड किंवा जाळीचं मात्र वेगळं दुखणं: कपाचं शोषण पहिल्या थरातून आरपार जाऊन दुसऱ्यालाही पकडतं. तिथे तिरप्या बारीक सुया रुतवणारे ग्रिपर लागतात. पाण्याचा थेंब क्षणभर गोठवून त्याने धरणारेही आहेत.

भाग आकारानेही लहान होत गेले, की खेळाचे नियम बदलतात. वजन लांबीच्या घनाने कमी होतं, पृष्ठभागावरची ओढ तितक्या झपाट्याने होत नाही. कॅलिफोर्नियात बर्कले विद्यापीठाच्या रोनाल्ड फिअरिंग यांनी १९९५ मध्ये दाखवलं, की साधारण एक मिलिमीटरच्या खाली चिकटण्याच्या ओढी वजनावर मात करू लागतात. तिथे उचलणं सोपं आणि सोडणं कठीण. नोझलने आणलेला भाग शोषण बंद केलं तरी खाली पडत नाही, हवेची फुंकर मारून उडवावा लागतो.

इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाने हा प्रश्न सोडवला नाही, बाजूला सारला, आणि माझ्या मते तोच सर्वांत शहाणा निर्णय होता. १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद रेझिस्टर कारखान्यातून निघतो तेव्हाच कागदी पट्टीतल्या स्वतंत्र खणात बसवलेला असतो. सात इंची रिळावर असे १०,००० मावतात. जुळणीचं यंत्र पट्टी पुढे सरकवतं, वरचं आवरण सोलतं आणि खणातला एक उचलतं. पट्टी आणि रीळ शेवटी कचऱ्यात जातात, आणि तो कचरा भागांपेक्षा कितीतरी जड असतो. पण भाग बनताना जी दिशा आणि जो क्रम त्याला आयता मिळालेला असतो, तो ढिगात मिसळून घालवायचा आणि पुन्हा पैसे मोजून मिळवायचा, हा उद्योग टळतो. वायरच्या टोकाला लावायची टर्मिनलं याच कारणाने सलग पट्टीला जोडलेलीच येतात आणि वायरवर दाबली जाताना सुटतात. दाढीचं ०.१ मिलिमीटरचं ब्लेडही सलग पट्टीतच छिद्रित होतं, कडक होतं, धार घेतं, आणि मग तुटून वेगळं होतं. चळत हवीच कशाला, हा प्रश्न फीडरची निवड करण्याआधी विचारायला हवा.

बॅटरीच्या इलेक्ट्रोडना ती पळवाट पुरती मिळत नाही. थर एकाआड एक रचायचे, तर पत्रे कापलेले हवेत. दोन इलेक्ट्रोडना एकमेकांपासून अलग ठेवणारा मधला पडदा, म्हणजे विलगक, मात्र सलग ठेवता येतो: तो नागमोडी घड्या घालत जातो आणि दर घडीत एकेक इलेक्ट्रोड सरकवला जातो. एका जागी दोन आले तर जाडी आणि समतोल बिघडतो. कडेची भुकटी आत सांडली तर पुढे शॉर्टसर्किटचा धोका. म्हणून दोन आले हे ओळखणारा पहारेकरी लागतो.

कागदाच्या यंत्रांत हा पहारा अल्ट्रासाउंड करतं. एका बाजूने ध्वनी सोडायचा, दुसऱ्या बाजूने ऐकायचा. एका कागदातून तो बराचसा पार होतो. दोन कागदांमधल्या हवेच्या पातळ थरावर मात्र तो जवळजवळ सगळा परततो, कारण घन पदार्थ आणि हवा यांच्या सीमेवर ध्वनीला पलीकडे जाणं फार जड जातं. गंमत अशी, की सेन्सर दुसरा कागद मोजत नाही, मधली हवा मोजतो. जे दोन पत्रे तेलाने किंवा ओलाव्याने पूर्ण चिकटून मध्ये हवा उरलेलीच नाही, ते त्याला एकच वाटतात, आणि फीडरला सोडवता न आलेली जोडी नेमकी हीच असते. प्रेसवर अशी जोडी गेली तर डाय फुटू शकतो, त्यामुळे तिथे ध्वनीवर विसंबत नाहीत. पत्र्याची जाडी थेट किंवा भोवरी प्रवाहांच्या (चुंबकीय क्षेत्राने धातूत उठणाऱ्या विद्युतप्रवाहांच्या) साहाय्याने मोजतात, आणि ती ठरल्यापेक्षा जास्त भरली तर प्रेसचा दट्ट्या खाली येतच नाही.